जाहिरातीला दरवान हवा

माझी थोरली बहीण प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. आम्ही सगळे तिला आपा म्हणतो. तीसेक वर्षं तिनं पोरांकडून पाढे घोकून घेतले. हिशेबात तिला कुणी फसवलं, असं आमच्या घरात कधी ऐकलेलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात तिचा फ्रिज बंद पडला. तिनं मोबाइल काढला, कंपनीचं नाव टाकून तक्रारीचा नंबर शोधला आणि जो नंबर सगळ्यात वर आला त्यावर फोन लावला. पलीकडचा माणूस फार अदबीनं बोलला. ‘माताजी, नोंदणीचे फक्त दहा रुपये भरा, उद्या सकाळी मेकॅनिक दारात हजर होईल,’ असं म्हणाला. ते दहा रुपये भरण्यासाठी त्यानं एक ॲप उतरवून घ्यायला लावलं. पुढच्या पंधरा मिनिटांत आपाच्या खात्यातून १८,४०० रुपये गेले.

रात्री मी तिच्याकडे गेलो. १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, बँकेला कळवलं. मग तिचाच मोबाइल घेऊन तोच शोध पुन्हा करून पाहिला. सगळ्यात वर तोच नंबर होता. त्याच्या डोक्यावर, चष्मा पुसून पाहावं लागेल इतक्या बारीक अक्षरांत, ‘प्रायोजित’ असा शब्द होता. म्हणजे पैसे मोजून लावलेली जाहिरात.

‘आपा, ही जाहिरात होती गं.’

‘अरे, पण सगळ्यात वर होतं ते!’ ती म्हणाली. थोडा वेळ गप्प राहिली आणि मग विचारलं, ‘पेपरात असलं कुणी छापलं असतं का रे? अब्बांच्या पेपरात?’

मंडळी, मी कवितेच्या वाटेनं जाणारा माणूस. बी. ए.ला मराठी घेतलं होतं, यंत्रातलं मला फारसं कळत नाही. पण आपाच्या या प्रश्नानं मला सोडलं नाही. त्याचं उत्तर शोधता शोधता जाहिरातीच्या इतिहासाचं एक पान उलगडत गेलं. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात अब्बांपासूनच करू. आमचे वडील एका स्थानिक दैनिकाच्या छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे एकेक वेचून ओळ जुळवायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्या काळी जाहिरात म्हणजे कुणीतरी जिना चढून आणून दिलेला कागद असे. व्यवस्थापक तो वाचत, नाव-पत्ता लिहून घेत, पैसे मोजून घेत आणि मग कागद अब्बांच्या हातात येई.

एकदा उरसाच्या आधी बाहेरगावचा एक इसम ताइताची जाहिरात घेऊन आला. कर्ज फिटेल, मूल होईल, दुखणं पळेल, सात दिवसांत गुण. व्यवस्थापकांनी पैसे घेतले, अब्बांनी खिळे जुळवले, तीन दिवस जाहिरात छापून आली. महिन्याभरानं जवळच्या खेड्यातला एक शेतकरी कार्यालयात आला. एका हातात ताईत, दुसऱ्या हातात पेपरचं कात्रण. बायकोच्या पाटल्या गहाण टाकून त्यानं तो ताईत घेतला होता. ताईतवाला केव्हाच पसार झाला होता, म्हणून तो पेपरवाल्यांकडे आला. संपादकांनी त्याला बसवलं, चहा दिला आणि जाहिरातीचे म्हणून आलेले पैसे गल्ल्यातून काढून त्याच्या हातावर ठेवले. पाटल्या त्यात सुटणार नव्हत्याच. पण त्याच आठवड्यात पहिल्या पानावर चौकट आली, की यापुढे असल्या जाहिराती घेतल्या जाणार नाहीत. ती चौकट अब्बांनी मोठ्या टायपात जुळवली. घरी येऊन आईला म्हणाले, ‘ताइताचे खिळेही याच हातांनी जुळवले होते.’

तेव्हा आपाच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं, की हो, पेपरातही असलं छापून येत होतं. फरक एवढाच, की फसलेल्या माणसाला चढायला एक जिना होता आणि वर खुर्चीत बसलेलं कुणीतरी होतं.

तसं पाहिलं तर वर्तमानपत्र आणि जाहिरात ही जुळी भावंडं. आपल्या देशातलं पहिलं छापील वृत्तपत्र १७८० मध्ये कलकत्त्यात निघालं. ते हिकीचं ‘बेंगॉल गॅझेट’. त्याच्या पूर्ण नावातच ‘कलकत्ता जनरल ॲडव्हर्टायझर’ असे शब्द होते. लंडनच्या ‘टाइम्स’च्या पहिल्या पानावर १९६६ च्या मे महिन्यापर्यंत बातम्या नसत, जाहिराती असत. वाचक अंक स्वस्तात घेतो आणि उरलेला खर्च जाहिरातदार उचलतो, हा करार फार जुना आहे.

या करारात खोट कुठे शिरते, हे अमेरिकेनं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिलं. तिथं ‘पेटंट औषधां’चा सुळसुळाट झाला होता. बाटलीत दारू किंवा अफू, आणि वर सर्व रोगांवर रामबाण असा दावा. वर्तमानपत्रांची मोठी कमाई या जाहिरातींवर होती. ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकानं १८९२ मध्ये असल्या जाहिराती बंद केल्या. पुढे त्याच मासिकानं एक छायाचित्र छापलं. लिडिया पिंकहॅम नावाच्या बाईंच्या नावानं स्त्रियांचं एक औषध खपत असे आणि ‘श्रीमती पिंकहॅम यांना पत्र लिहा, त्या सल्ला देतील’ अशी जाहिरात येत असे. छायाचित्र त्या बाईंच्या थडग्याचं होतं. बाई १८८३ मध्येच वारल्या होत्या.

१९०५ मध्ये ‘कॉलियर्स’ या साप्ताहिकात सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स यांची या औषधांवरची लेखमाला सुरू झाली. त्याच सुमारास एक गोष्ट उघडकीला आली. औषधवाले वर्तमानपत्रांशी करार करताना त्यात एक कलम घालत. तुमच्या राज्यात आमच्या धंद्याविरुद्ध कायदा झाला तर जाहिरातीचा करार रद्द. म्हणजे कायदा होऊ नये ही काळजी वर्तमानपत्रांनीच करायची. पुढच्या वर्षी, १९०६ मध्ये, शुद्ध अन्न आणि औषधांचा कायदा अमेरिकेत झाला. आपल्याकडे १९५४ मध्ये औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा आला. ताईत, मंत्र, कवच हे शब्द त्या कायद्यात आहेत. अब्बांच्या पेपरात ताइताची ती जाहिरात आली, तेव्हा तो कायदा होताच. पण त्या जिन्यावर तो कुणाला आठवला नाही.

आता इंटरनेटकडे येऊ. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकन संकेतस्थळावर एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची एक आडवी पट्टी झळकली. महाजालावरच्या पट्टीजाहिरातींची सुरुवात तिच्यापासून मानतात. आपल्याकडे विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्या वेळी मोडेमची कुरकुर ऐकत एक पान उघडायला लागणारा वेळ ज्यांना आठवतो, त्यांना त्या पानावर चमचमणाऱ्या जाहिरातींचा रागही आठवत असेल. पैसे मिनिटाचे जात आणि चित्र उतरे जाहिरातीचं.

मग आल्या अचानक उघडणाऱ्या खिडक्या, पॉप-अप. त्यांचा उगम मोठा मासलेवाईक आहे. ‘ट्रायपॉड’ या संकेतस्थळावर काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यासाठीची आज्ञावली लिहिली. एका मोटार कंपनीची जाहिरात एका अश्लील पानावर झळकली आणि कंपनी संतापली. तेव्हा जाहिरात पानाला चिकटलेली दिसू नये म्हणून ती वेगळ्या खिडकीत उघडण्याची युक्ती काढली गेली. २०१४ मध्ये ‘द अटलांटिक’मध्ये लेख लिहून झुकरमन यांनी त्याबद्दल चक्क माफी मागितली. हेतू आमचा चांगला होता, असा त्यांचा सूर होता.

वाचक काही गप्प बसले नाहीत. १९९६ मध्येच अमेरिकेतल्या प्रिव्हनेट नावाच्या छोट्या कंपनीनं जाहिराती गाळून पान दाखवणारा एक प्रोग्रॅम काढला होता. पण खरी सुरुवात झाली २००२ मध्ये, डेन्मार्कच्या एका विद्यार्थ्याकडून. हेन्रिक आस्टेड सोरेनसन त्याचं नाव. परीक्षेचा अभ्यास टाळण्यासाठी हा उद्योग केला, असं त्यानंच पुढे सांगितलं. तेव्हा ‘फिनिक्स’ नावाचा एक नवा ब्राउझर आला होता, तोच पुढे फायरफॉक्स झाला. त्याला जोडता येईल असा छोटा प्रोग्रॅम या मुलानं लिहिला आणि नाव दिलं ‘ॲडब्लॉक’. २००६ मध्ये व्लादिमीर पालांट यांनी ‘ॲडब्लॉक प्लस’ आणला आणि २०१४ मध्ये रेमंड हिल यांनी ‘यूब्लॉक’. दरम्यान २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टनंही आपल्या ब्राउझरमध्ये पॉप-अप रोखण्याची सोय दिली.

हे चालतं कसं, ते माझ्या भाच्यानं मला सांगितलं. आपण एखादं पान उघडतो तेव्हा ते एका जागेहून येत नाही. मजकूर एकीकडून, चित्रं दुसरीकडून, जाहिराती तिसरीकडून मागवल्या जातात. जाहिराती कुठल्या पत्त्यांवरून येतात याच्या लांबलचक याद्या काही मंडळी तयार ठेवतात, त्यातली बरीचशी हौसेनं काम करणारी. ब्राउझरनं त्या यादीतल्या पत्त्यावरून काही मागवायला घेतलं, की ही जोडणी त्याला थांबवते. जाहिरात झाकली जाते असं नाही, बहुतेक वेळा ती मागवलीच जात नाही.

सुरुवातीला हा सगळा खटाटोप कटकट टाळण्यापुरता होता. पुढे कटकटीची जागा धोक्यानं घेतली. ‘विनफिक्सर’, ‘विनअँटिव्हायरस’ अशी नावं काहींना आठवत असतील. पडद्यावर एकदम इशारा यायचा, की तुमच्या संगणकात विषाणू सापडलेत. एक पट्टी भरभर पुढे सरकायची, तपासणी झाल्याचा देखावा व्हायचा आणि मग चाळीसेक डॉलर भरून ‘औषध’ विकत घ्यायला सांगितलं जायचं. तपासणी झालेलीच नसे. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं या टोळीला न्यायालयात खेचलं. दहा लाखांहून अधिक लोक फसले होते, असं आयोगाचं म्हणणं होतं.

यातली एक गोष्ट ऐकून मला अब्बांचा छापखाना आठवला. ही मंडळी प्रतिष्ठित कंपन्यांच्या नावानं जाहिराती द्यायची. जाहिरात घेणाऱ्यांनी पाहिली तर साधी, सभ्य जाहिरात दिसायची. वाचकानं पान उघडलं की तिच्या जागी भीती घालणारा इशारा यायचा. व्यवस्थापकाला एक कागद दाखवायचा आणि छापून भलतंच यावं, असा हा प्रकार. शिशाच्या खिळ्यांना हे जमलं नसतं.

सप्टेंबर २००९ मध्ये खुद्द ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संकेतस्थळावर हेच घडलं. एका ओळखीच्या दूरध्वनी कंपनीच्या नावानं जाहिरात आली. ती कंपनी पूर्वी जाहिराती देत असल्यामुळे, बाहेरच्या यंत्रणेमार्फत ती दाखवायला परवानगी मिळाली. काही दिवस खरी जाहिरात दिसत राहिली आणि शनिवार-रविवार गाठून तिच्या जागी विषाणूचा खोटा इशारा आला. मार्च २०१६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘बीबीसी’ यांच्यासारख्या मोठ्या संकेतस्थळांवरच्या जाहिरातींतून वाचकांच्या संगणकांना कुलूप घालून खंडणी मागणारे प्रोग्रॅम पसरवले गेले. त्यासाठी भामट्यांनी एका जुन्या जाहिरात व्यवसायाचा मुदत संपलेला वेबपत्ता विकत घेतला होता. घर रिकामं झालं, दारावरची पाटी तशीच राहिली आणि त्या पाटीमागे चोर येऊन बसला.

इतक्या मोठ्या वृत्तसंस्थांना हे कळू नये? याचं उत्तर जाहिरात विकण्याच्या नव्या पद्धतीत आहे. आज तुम्ही पान उघडता तेव्हा त्यातली जाहिरातीची चौकट रिकामी असते. तुम्ही कोणत्या गावचे, काय वाचता, काय शोधता, याची माहिती बाजारात जाते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत त्या चौकटीचा लिलाव होतो. बोली लावणारी यंत्रं, घेणारीही यंत्रं. जो जिंकतो त्याची जाहिरात थेट तुमच्या पडद्यावर येते. संपादकाला ती तुमच्याआधी दिसत नाही. तुम्हाला दिसलेली जाहिरात शेजारच्याला दिसेलच असंही नाही. कात्रण काढून कुणाकडे जायचं म्हटलं, तर कात्रणच नाही. शोधयंत्राच्या वरच्या जागेचीही अशीच बोली लागते. आपाला जे ‘सगळ्यात वर’ दिसलं, ते खरेपणानं वर आलेलं नव्हतं. ती जागा कुणीतरी विकत घेतली होती.

भारताची गोष्ट निराळी नाही. बनावट तक्रार क्रमांक, ओळखीच्या उद्योगपतींचे आणि नटांचे चेहरे चोरून केलेल्या गुंतवणुकीच्या जाहिराती, हे आपण रोज पाहतो. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन फसवणुकीच्या तेरा युक्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. जाहिरातीला बातमीचं किंवा मजकुराचं सोंग देणं, ही त्यातली एक. अमेरिकेत २१ डिसेंबर २०२२ रोजी एफबीआयनं लोकांना सावध केलं, की शोधयंत्रावरच्या जाहिरातींतून भामटे नामांकित कंपन्यांची सोंगं घेत आहेत. त्यावर त्यांनी दिलेल्या सल्ल्यांत एक असा होता, की ब्राउझरला जाहिरात अडवणारी जोडणी लावा. एका विद्यार्थ्यानं अभ्यास टाळताना केलेला उद्योग वीस वर्षांनी पोलिसांच्या सूचनेत आला.

पण मंडळी, नाण्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी अब्बांच्या मिठाला जागलो नाही असं होईल. आमचं घर जाहिरातींवर चाललं. माझी फी, आपाचं डी. एड., सगळं त्या छापखान्याच्या पगारातून झालं आणि तो पगार पेढीवाले, कापडवाले, शेतीची अवजारं विकणारे यांच्या जाहिरातींतून येत होता. आज सगळ्यांनी सगळ्याच जाहिराती अडवल्या, तर फुकट वाचायला मिळणारं लहान संकेतस्थळ जगणार कसं? जर्मनीतल्या आक्सेल स्प्रिंगर या बड्या प्रकाशनसंस्थेनं हाच प्रश्न न्यायालयात नेला. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं १९ एप्रिल २०१८ रोजी निकाल दिला, की ॲडब्लॉक प्लस वाचकाला देणं ही बेकायदा स्पर्धा नव्हे. त्याच संस्थेचा कॉपीराइटच्या मुद्द्यावरचा दुसरा वाद मात्र २०२५ मध्येही न्यायालयातच होता.

आणि राखणदारही धुतल्या तांदळासारखे नाहीत. ॲडब्लॉक प्लसनं २०११ मध्ये ठरवलं, की काही सौम्य जाहिराती अडवायच्या नाहीत. पुढे मोठ्या कंपन्या अशा यादीत राहण्यासाठी पैसे मोजू लागल्या. त्याहून वाईट प्रकार २०१८ मध्ये उघड झाला. क्रोम ब्राउझरच्या दुकानात जाहिरात अडवणारी म्हणून ठेवलेली पाच बनावट एक्स्टेन्शन सापडली. दोन कोटींहून अधिक लोकांनी ती घेतली होती आणि ती वाचकांवरच पाळत ठेवू शकत होती. बोभाटा झाल्यावर ती काढून टाकली गेली. २०२४ च्या जूनपासून गूगलनं क्रोममध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन टप्प्याटप्प्यानं बंद केली. सुरक्षितता आणि वेग ही कारणं कंपनीनं दिली. पण त्यात यूब्लॉकची मूळ ताकदवान आवृत्ती क्रोमवरून गेली आणि हलकी आवृत्ती राहिली. ब्राउझर ज्याचा, जाहिरातींचा बाजारही त्याचाच, तेव्हा लोकांनी शंका घेणं स्वाभाविक होतं. मला इथे अमेरिकन औषधवाल्यांचं ते कलम आठवतं. दोन्ही गोष्टी एक आहेत असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या पैशावर दार उभं आहे, त्यालाच दार किती उघडं ठेवायचं हे विचारलं जातंय, एवढं साम्य मला दिसतं.

मग करायचं काय? जाहिरातीला माझा विरोध नाही. माझा विरोध निनावी जाहिरातीला आहे. जो जागा विकतो त्यानं कुणाला विकली हे सांगावं, आणि फसलेल्या माणसानं कात्रण घेऊन कुठे जावं तेही सांगावं. १९०६ मध्ये आणि १९५४ मध्ये कायद्यानं निदान तेवढं करायचा प्रयत्न केला. तोवर वाचकानं आपल्या दारावर स्वतःच राखण करायची, याला मी तरी अपराध मानत नाही.

आपाच्या मोबाइलवर भाच्यानं फायरफॉक्स घातला आणि त्याला यूब्लॉक जोडून दिला. ज्या एक-दोन वर्तमानपत्रांच्या पानांवर तिचा भरवसा आहे, तिथं जाहिराती दिसू द्यायच्या असं तिनंच सांगून तशी मुभा ठेवून घेतली. ‘त्यांचीही पोटं आहेत,’ म्हणाली. पण ही जोडणी इतर ॲपमधल्या जाहिराती अडवत नाही, हेही तिला सांगितलं आहे. म्हणून तिनं एक जुनी वही काढली. फ्रिज, गॅस, वीज, बँक यांचे नंबर बिलावरून, पासबुकावरून पाहून मुख्याध्यापिकेच्या वळणदार अक्षरात उतरवले. वही फ्रिजवर ठेवली आहे.

पैसे अजून परत आलेले नाहीत. दर सोमवारी ती तक्रारीचा नंबर घेऊन पोलीस ठाण्यात जाऊन बसते. परवा मी म्हटलं, ‘आपा, किती खेपा घालशील?’ तर म्हणाली, ‘तो पाटल्यांवाला अब्बांच्या पेपरात एकदाच आला आणि चौकट छापून आली. मी अजून चारदाच गेलेय.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)